सिलिकॉनच्या आतला अडसर

1940 सालच्या फेब्रुवारीत दोन दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. 21 तारखेला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी बनवलेला कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन पहिल्यांदा चालला आणि सुमारे 10 सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी दणकट ताकदीने निर्माण करता येऊ लागल्या. 23 तारखेला अटलांटिकच्या पलीकडे, न्यू जर्सीतल्या होम्डेल इथे, बेल लॅब्ज या टेलिफोन संशोधनसंस्थेतला रसेल ओल हा संशोधक तडा गेलेली सिलिकॉनची एक कांडी तपासत बसला होता. मॅग्नेट्रॉनमुळे विमानात मावणारं रडार तयार झालं, त्यामुळे त्याची कहाणी युद्धाच्या प्रत्येक इतिहासात सापडते. ओलच्या कांडीला मात्र ट्रान्झिस्टरच्या इतिहासात प्रस्तावनेपुरती जागा मिळते. हा न्याय मला कधीच पटलेला नाही. आजचे डायोड, ट्रान्झिस्टर, एलईडी आणि सौर पॅनेल ज्या पायावर उभे आहेत, ते पी-एन जंक्शन माणसाच्या नजरेला पहिल्यांदा पडलं ते त्या कांडीत. आणि ते नजरेला पडल्यावरही तिथलं विद्युतक्षेत्र नेमकं कुठे असतं, ते कोण उभं करतं, त्यातून प्रभार कसे ये-जा करतात, हे उलगडायला जवळपास दहा वर्षं गेली. याचं कारण हुशारीची कमतरता हे नव्हतं. जो तो पाहत होता पृष्ठभागाकडे, आणि खेळ चालला होता आत.

पृष्ठभागाकडे पाहण्याची सवय जुनी होती. फर्डिनांड ब्राउनने 1874 मध्ये धातूचं टोक शिशाच्या सल्फाइडच्या स्फटिकावर टेकवलं, तेव्हा त्याला दिसलं की वीज एका दिशेने सहज जाते आणि दुसऱ्या दिशेने अडते. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी त्याच जातीच्या स्फटिकाचा, म्हणजे गॅलीनाचा, रेडिओलहरी पकडण्यासाठी उपयोग केला. 1901 साली अर्ज केलेलं त्यांचं अमेरिकन पेटंट 1904 मध्ये मंजूर झालं. पुढे घरोघरी क्रिस्टल रेडिओ आले. स्फटिकावर बारीक तार टेकवायची आणि आवाज येईपर्यंत ती इकडून तिकडे सरकवत राहायचं. एक जागा चाले, शेजारची चालत नसे. ही लहर कशामुळे, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. मग काचेच्या निर्वात नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, आले आणि हा सगळा जामानिमा अडगळीत गेला.

या लहरीला पहिलं भारदस्त स्पष्टीकरण मिळालं ते 1931-32 मध्ये. केंब्रिजच्या अ‍ॅलन विल्सनने अर्धवाहक म्हणजे काय, हे पुंजयामिकीच्या भाषेत मांडलं. त्यात थोडी भेसळ असली की वीज का वाहू लागते, हे त्यातून छान उलगडलं. त्याच भरात त्याने धातू आणि अर्धवाहक यांच्या सांध्यावर वीज एकाच दिशेने का जाते, याचाही सिद्धांत दिला. इलेक्ट्रॉन सांध्यावरचा पातळ अडसर ओलांडत नाहीत, त्यातून बोगदा काढल्यासारखे आरपार जातात, असं त्याचं म्हणणं होतं. सिद्धांत देखणा होता, गणित बिनचूक होतं आणि दिशा उलटी होती. प्रत्यक्षात वीज ज्या बाजूने सहज जायची, त्याच्या नेमकी विरुद्ध बाजू हा सिद्धांत सहज ठरवत होता. ही गफलत ध्यानात यायला काही वर्षं लागली, हे मला आजही गमतीचं वाटतं. मीटरची तार कुठली, हे पाहायला सिद्धांतवाल्यांना सवड झाली नसावी.

1938-39 च्या सुमारास तीन देशांत तीन जणांनी हे दुरुस्त केलं: जर्मनीत सीमेन्समधला वॉल्टर शॉट्की, ब्रिस्टलमध्ये नेव्हिल मॉट आणि लेनिनग्राडमध्ये बोरिस डेव्हिडॉव्ह. शॉट्कीचं चित्र आजही वापरात आहे. धातूला लागून अर्धवाहकाचा एक पट्टा असतो. तिथले मोकळे इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात आणि मागे राहतात ते स्फटिकात जागच्या जागी जखडलेले प्रभारित अणू. हे न हलणारे प्रभारच विद्युतक्षेत्र उभं करतात. इलेक्ट्रॉनांना हा चढ उष्णतेच्या जोरावर चढून जावा लागतो, आणि बाहेरून व्होल्टेज लावलं की चढ कमी-जास्त होतो. इथे दिशा बरोबर आली. डेव्हिडॉव्ह आणखी एक पाऊल पुढे गेला होता. अर्धवाहकात ज्यांची संख्या अगदी थोडी असते त्या विरुद्ध जातीच्या प्रभारांनाही त्याने हिशेबात धरलं होतं. पण युद्धाच्या तोंडावर रशियन नियतकालिकांत छापलेलं हे काम कोणी फारसं वाचलं नाही. पुढे ते थोडके प्रभारच या नाटकाचे नायक ठरायचे होते.

रसेल ओल या मंडळींपैकी नव्हता. तो रेडिओचा माणूस. 1898 साली पेनसिल्व्हेनियात जन्मला, पहिल्या महायुद्धात सैन्याच्या सिग्नल विभागात रेडिओशी खेळला आणि 1927 मध्ये बेल लॅब्जमध्ये आला. रेडिओची वारंवारता वाढवत नेली की व्हॉल्व्ह दमतात, कारण इलेक्ट्रॉनांना एका पट्टीकडून दुसरीकडे जायला लागणारा वेळच लहरीच्या एका आवर्तनाएवढा होऊ लागतो. ओलच्या डोक्यात आलं की अडगळीत टाकलेले स्फटिक इथे कामाला येतील. त्याचा सहकारी जॉर्ज साउथवर्थ तर मॅनहॅटनच्या कॉर्टलँड रस्त्यावरच्या जुन्या रेडिओबाजारात जाऊन मोडीतले क्रिस्टल डिटेक्टर घेऊन आला होता. ओलने शंभरावर पदार्थ पारखले आणि सिलिकॉनवर बोट ठेवलं. तारेची ती जुनी लहर कशाने येते, याबद्दलही त्याचं ठाम मत होतं. दोष तारेत नाही, सिलिकॉन अशुद्ध आहे. ते नीट शुद्ध करा, मग बघा. वरिष्ठांना हे फारसं रुचत नव्हतं, पण गडी हट्टी होता.

शुद्ध करायचं म्हणजे वितळवायचं, आणि सिलिकॉन 1414 अंश सेल्सियसला वितळतं. ते काम बेल लॅब्जच्या धातुतज्ज्ञांकडे, जॅक स्कॅफ आणि हेन्री थ्यूरर यांच्याकडे, गेलं. वितळलेलं सिलिकॉन गोठताना प्रसरण पावतं आणि लाद्यांना तडे जातात, म्हणून त्यांनी एक लादी अगदी सावकाश थंड होऊ दिली. या सावकाशीनेच घोटाळा केला, किंवा कृपा केली म्हणा. द्रव गोठत असताना त्यातल्या भेसळीचे अणू घन भागात सारख्या प्रमाणात शिरत नाहीत. बोरॉन बऱ्यापैकी शिरतो, फॉस्फरस मात्र द्रवातच राहणं पसंत करतो. त्यामुळे आधी गोठलेल्या भागात बोरॉनचं पारडं जड राहिलं आणि शेवटी गोठलेल्या भागात फॉस्फरसचं. मध्ये कुठेतरी एक सीमा पडली. या लादीतून कांडी कापताना ती सीमा योगायोगाने कांडीच्या पोटात आली.

23 फेब्रुवारीला ओलने ही कांडी जोडणीत लावली तेव्हा मीटर विचित्र वागू लागला. टेबलावरच्या साध्या दिव्याचा प्रकाश कांडीवर पडला की प्रवाह वाढे, दिवा झाकला की उतरे. त्याने दिवा आणि कांडी यांच्यामध्ये हळू फिरणारा पंखा ठेवला. पात्यांनी प्रकाश अडायचा, सुटायचा, आणि त्याच ठेक्यावर वीज वरखाली व्हायची. प्रकाश पडताच कांडीच्या दोन टोकांत जवळपास अर्धा व्होल्ट उभा राहत होता, तोही बॅटरी नसताना.

मार्चमध्ये ओलने हा प्रकार संशोधनप्रमुख मर्विन केली याला दाखवला. केलीने लगेच जोसेफ बेकर आणि वॉल्टर ब्रॅटन यांना बोलावून घेतलं. दोघंही कॉपर ऑक्साइडच्या रेक्टिफायरवर, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या घटकावर, वर्षानुवर्षं काम केलेले. तोवर त्यांनी पाहिलेल्या कुठल्याही प्रकाशघटापेक्षा हा परिणाम दहापट मोठा होता. ब्रॅटनला वाटलं, आपली फिरकी घेतली जातेय. पण खात्री पटल्यावर त्याने तिथल्या तिथे सांगितलं की हा कॉपर ऑक्साइडसारखाच अडसर असला पाहिजे. फरक एवढाच, की तो पृष्ठभागावर नाही, कांडीच्या आत तड्यापाशी आहे. सगळ्यांचं लक्ष वर असताना कुणीतरी आत बोट दाखवलं, ते पहिल्यांदा इथे.

यानंतरचा भाग मला या कहाणीतला सर्वांत आवडता. सिलिकॉनच्या काही तुकड्यांवर तार टेकवली की एका दिशेने वीज जाई, काहींवर नेमकी उलट. ओल आणि स्कॅफ यांनी पहिल्या जातीला पॉझिटिव्हवरून पी आणि दुसरीला निगेटिव्हवरून एन अशी नावं दिली. कांडीत या दोन्ही जाती होत्या आणि अडसर त्यांच्या सीमेवर होता. पण एन जात कशाने होते? भेसळ इतकी अत्यल्प की त्या काळच्या वर्णपटाच्या तपासणीत ती सापडेना. उत्तर नाकाने दिलं. एन जातीची लादी करवतीने कापताना एक उग्र दर्प येई, जुन्या कार्बाइडच्या दिव्यांचा यावा तसा. आंब्याच्या अढीत कार्बाइडच्या पुड्या टाकल्याचं ज्यांना हुंगताच कळतं, त्यांना हा वास वेगळा सांगायला नको. तो फॉस्फिन वायूचा असतो. म्हणजे लादीत फॉस्फरस होता. उपकरणांना न सापडलेले अणू कामगारांच्या आणि धातुतज्ज्ञांच्या नाकपुड्यांनी टिपले.

आता त्या सीमेवर काय चालतं ते जरा जवळून पाहू. सिलिकॉनच्या अणूला चार हात. तो चार शेजाऱ्यांशी बांधला जातो. फॉस्फरसकडे पाच इलेक्ट्रॉन आहेत, त्यातला एक बंधनात बसत नाही आणि मोकळा होतो. बोरॉनकडे तीनच, त्यामुळे एका बंधनात इलेक्ट्रॉनची जागा रिकामी राहते. शेजारचा इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागेत येतो, मग त्याची जागा रिकामी होते, आणि ही रिकामी जागा स्फटिकभर धन प्रभारासारखी फिरते. तिला होल म्हणतात. एन बाजूला इलेक्ट्रॉन मुबलक, पी बाजूला होल मुबलक. दाट वस्तीकडून विरळ वस्तीकडे पसरणं हा मोकळ्या कणांचा धर्मच आहे. इलेक्ट्रॉन सीमा ओलांडून पी बाजूला जातात, होल एन बाजूला येतात आणि एकमेकांना भेटून संपतात.

हे असंच चालू राहिलं तर दोन्ही बाजू एकसारख्या होऊन जातील. तसं होत नाही, कारण निघून गेलेल्यांच्या मागे कोणीतरी उरतं. एन बाजूला सीमेलगत इलेक्ट्रॉन गमावलेले फॉस्फरसचे धन अणू उरतात, पी बाजूला इलेक्ट्रॉन पकडलेले बोरॉनचे ऋण अणू. ते स्फटिकात ठोकून बसवलेले आहेत, हलू शकत नाहीत. त्यांच्यामध्ये एन कडून पी कडे जाणारं विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते पुढे येऊ पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांना आणि होलांना माघारी ढकलतं. जेवढे प्रभार पसरून पलीकडे जातात, तेवढेच क्षेत्राने खेचले जाऊन परत येतात. प्रवाह शून्य होतो, पण ये-जा थांबलेली नसते.

हे क्षेत्र किती जबर असतं, त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, दोन्ही बाजूंना सिलिकॉनच्या 50 लाख अणूंमागे भेसळीचा एकच अणू आहे. तर सीमेवर सुमारे 0.7 व्होल्टचा चढ उभा राहतो, आणि हा चढ ज्या पट्ट्यात सामावतो, त्याची रुंदी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी असते. व्होल्ट थोडे, पण अंतर त्याहून थोडं. भागाकार केला की सरासरी क्षेत्र मिळतं; पट्ट्याच्या मध्यावर ते त्याच्या दुप्पट, म्हणजे सेंटिमीटरला 30 हजार व्होल्टच्या घरात जातं. एवढ्या क्षेत्रात कोरडी हवा फुटते आणि ठिणगी पडते. टेबलावर निवांत पडलेल्या डायोडच्या पोटात, बॅटरी न लावता, ही स्थिती कायम असते. आणि कहर म्हणजे व्होल्टमीटर लावला तर तो शून्य दाखवतो! मीटरच्या तारा जिथे सिलिकॉनला भेटतात, तिथेही असेच चढ-उतार तयार होतात आणि पूर्ण फेरीत सगळ्यांची बेरीज शून्य येते. आतला अडसर इतकी वर्षं कोणाच्या हाती का लागला नाही, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

ओलच्या दिव्याने तो तोल मोडला. प्रकाशकण सिलिकॉनमध्ये शिरून एक इलेक्ट्रॉन बंधनातून उखडतो, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल अशी जोडी जन्मते. ही जोडी सीमेच्या पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास जन्मली, तर क्षेत्र तिची ताटातूट करतं. इलेक्ट्रॉन एन कडे, होल पी कडे. पी टोक धन होतं, एन टोक ऋण होतं, आणि मीटरचा काटा हलतो. पट्ट्यापासून लांब जन्मलेल्या जोड्यांना क्षेत्र गाठायच्या आधीच मरण येतं; त्यांचा उपयोग शून्य.

केलीने हा शोध बाहेर जाऊ दिला नाही. युद्ध सुरू होतं, रडारला सिलिकॉनचे डिटेक्टर लाखांनी लागणार होते आणि बेल लॅब्ज शुद्ध सिलिकॉनबद्दलचं ज्ञान इतरांना देतही होती. पण जंक्शनबद्दल तिने मौन पाळलं. ओलने मे 1941 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते जून 1946 मध्ये मंजूर झालं. मधली पाच वर्षं रडारमध्ये चालली ती मुख्यत्वे जुनी पद्धत, सिलिकॉनवर टेकवलेली तार. म्हणजे पुन्हा पृष्ठभागच.

युद्ध संपल्यावरही पृष्ठभागाचा मोह सुटला नाही. 1945 मध्ये बेल लॅब्जच्याच विल्यम शॉकलीने सिलिकॉनच्या पातळ थराजवळ धातूची पट्टी ठेवून बाहेरून विद्युतक्षेत्र लावलं. आतले मोकळे इलेक्ट्रॉन त्यामुळे कमी-जास्त व्हायला हवे होते. गणित तसं सांगत होतं. काटा ढिम्म हलला नाही. त्याचा सहकारी जॉन बार्डीन याने मार्च 1946 च्या सुमारास याचा उलगडा केला. स्फटिक जिथे संपतो, तिथे अर्धवट सुटलेली बंधनं असतात. त्यात इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि बाहेरचं क्षेत्र तिथेच अडवतात, आत पोचूच देत नाहीत. बार्डीन आणि ब्रॅटन या पृष्ठभागाच्याच मागे लागले. त्यातून 16 डिसेंबर 1947 रोजी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याच्या पत्र्याची दोन टोकं केसाएवढ्या अंतरावर टेकवून त्यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवला. 23 डिसेंबरला तो बेल लॅब्जच्या वरिष्ठांना दाखवला. ही तारीख सगळ्यांना पाठ आहे.

ट्रान्झिस्टर चालत होता, पण त्यातून प्रभार जात होते कुठून? पहिल्या टोकातून होल जर्मेनियममध्ये शिरतात आणि दुसऱ्या टोकाकडे जातात, इथवर एकमत होतं. बार्डीन आणि ब्रॅटन यांच्या मते ते पृष्ठभागालगतच्या एका पातळ थरातून सरपटत जात होते. शॉकली या शोधात थेट सहभागी नव्हता आणि ते त्याला झोंबत होतं, हे त्याने स्वतःच नंतर लपवलं नाही. 31 डिसेंबरच्या रात्री शिकागोच्या हॉटेलात तो एकटाच कागद काळे करत बसला, आणि 23 जानेवारी 1948 ला त्याने दोन जंक्शनांच्या ट्रान्झिस्टरची कल्पना वहीत उतरवली. टोकं नकोत, तार नको. एन, पी, एन असे तीन थर एकाच स्फटिकात. मधल्या थरात इलेक्ट्रॉन परके असतात, संख्येने थोडे. तरी ते तिथे काही काळ तग धरतात, पसरत पसरत पलीकडच्या जंक्शनपर्यंत पोचतात आणि तिथलं क्षेत्र त्यांना खेचून घेतं. डेव्हिडॉव्हने हिशेबात धरलेले ते थोडके प्रभार ते हेच. शॉकलीने ही कल्पना बार्डीन आणि ब्रॅटन यांना सांगितली नाही.

पुढच्याच महिन्यात त्याच गटातल्या जॉन शाइव्हने एक साधासा प्रयोग केला. जर्मेनियमची अगदी पातळ चकती घेऊन त्याने दोन टोकं शेजारी-शेजारी टेकवण्याऐवजी समोरासमोर, दोन विरुद्ध बाजूंना, टेकवली. पृष्ठभागावरून वळसा घालून जाण्याचा रस्ता फार लांबचा होता; तरीही ट्रान्झिस्टर चालला. म्हणजे प्रभार जर्मेनियमच्या पोटातूनच आरपार गेले होते. शाइव्हने बैठकीत हे सांगताच शॉकली उठला आणि त्याने आपली महिनाभर दाबून ठेवलेली कल्पना सर्वांसमोर मांडली. सहकाऱ्यांशी असं वागणं शोभणारं नव्हतं. पण पदार्थविज्ञानाच्या बाजूने त्याचंच म्हणणं खरं ठरलं. 1949 मध्ये त्याने पी-एन जंक्शनचा संपूर्ण सिद्धांत प्रसिद्ध केला. सुलट व्होल्टेज लावलं की चढ कमी होतो आणि परके प्रभार भराभर पलीकडे टाकले जातात. साधारण तापमानाला दर 60 मिलिव्होल्टमागे प्रवाह दहापट होतो. उलट लावलं की पट्टा रुंदावतो, चढ वाढतो आणि जेमतेम चुळबुळ उरते. आज जगातल्या प्रत्येक डायोडचं गणित इथूनच सुरू होतं.

गणित कागदावर झालं, वस्तू कोण करणार? तिथे बेल लॅब्जचाच गॉर्डन टील लागला. एकसंध, निर्दोष स्फटिकाशिवाय आतून जाणाऱ्या प्रभारांवर भरवसा ठेवता येणार नाही, असं तो सांगत राहिला आणि वरिष्ठ त्याला टाळत राहिले. त्याने स्फटिक ओढण्याचं यंत्र चाकांवर बसवलं. रात्री ते ओढत आणायचं, काम करायचं आणि सकाळी इतरांच्या वाटेतून बाजूला सारायचं. एप्रिल 1950 मध्ये टील आणि मॉर्गन स्पार्क्स यांनी वितळलेल्या जर्मेनियममधून स्फटिक वर खेचत असताना आधी गॅलियमची गोळी टाकली, मग लगेच अँटिमनीची. एकाच स्फटिकात एन, पी, एन असे थर घडले. 1951 च्या जुलैत बेल लॅब्जने हा जंक्शन ट्रान्झिस्टर जाहीर केला, आणि टेकवलेल्या तारांचं युग काही वर्षांतच आटोपलं.

या सगळ्या गदारोळात ओलची मूळ करामत, म्हणजे प्रकाशापासून वीज, बाजूलाच पडली होती. तिला 1953-54 मध्ये पुन्हा बोलावणं आलं, ते टेलिफोनच्या बॅटऱ्यांमुळे. दमट हवेच्या प्रदेशांत सुक्या बॅटऱ्या लवकर नासत, म्हणून बेल लॅब्जचा डॅरिल चॅपिन पर्याय शोधत होता. सेलेनियमचे प्रकाशघट जेमतेम अर्धा टक्का प्रकाश विजेत बदलत. त्याचा सहकारी जेराल्ड पिअर्सन याने त्याला सिलिकॉन सुचवलं. पिअर्सन आणि कॅल्विन फुलर यांनी आधी लिथियम वापरून जंक्शन बनवलं, पण लिथियमचे अणू साध्या तापमानालाही सिलिकॉनमध्ये पुढे सरकत राहिले आणि जंक्शन पृष्ठभागापासून दूर आत जाऊ लागलं. मग प्रकाशाने जन्मलेल्या जोड्या क्षेत्रापर्यंत पोचेनात. फुलरने बोरॉनचा अगदी उथळ थर भाजून मुरवला आणि जंक्शन प्रकाशाच्या तोंडाशी आणून पक्कं बसवलं. 25 एप्रिल 1954 रोजी त्यांनी पत्रकारांना खेळण्यातला आकाशपाळणा सूर्यप्रकाशाच्या विजेवर फिरवून दाखवला. कार्यक्षमता 6 टक्के. चार वर्षांनी, मार्च 1958 मध्ये, असेच घट व्हॅनगार्ड-1 या उपग्रहावर बसून अंतराळात गेले.

विल्सनचं काय झालं, तेही सांगायला हवं. टोकियोत, पुढे सोनी नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीत, लिओ एसाकी 1957 मध्ये जर्मेनियमच्या जंक्शनात भेसळ वाढवत चालला होता. भेसळ वाढली की पट्टा अरुंद होतो. तो मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास आला, तेव्हा इलेक्ट्रॉन खरोखरच अडसरातून आरपार जाऊ लागले. आणि अशा जंक्शनात वीज उलट दिशेलाच सहज जाते. 1932 मध्ये विल्सनच्या सिद्धांतातून जी उलटी दिशा निघाली होती, ती याच वाटेची. सिद्धांत बरोबर होता, फक्त त्याला साजेसा अडसर तेव्हा कोणाकडे नव्हता. एसाकीला 1973 चं नोबेल मिळालं. शॉकली, बार्डीन आणि ब्रॅटन यांना 1956 मध्येच मिळालं होतं. ओल 1987 मध्ये वारला. त्याला नोबेल मिळालं नाही. ट्रान्झिस्टरच्या नोबेलवर माझा आक्षेप नाही, पण जंक्शनसाठी एक वेगळं नोबेल देण्यासारखं होतं आणि त्यात ओलच्या जोडीला स्कॅफ आणि थ्यूरर ही नावंही शोभली असती.

बारावीला हा धडा शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. फळ्यावर पी चा एक ठोकळा आणि एन चा दुसरा ठोकळा काढून ते एकमेकांना चिकटवल्याचं चित्र काढू नका. दोन वेगळे तुकडे कितीही घासून-पुसून एकमेकांवर दाबले, तरी त्यांच्या पृष्ठभागांवरची सुटलेली बंधनं आणि मधली फट जंक्शन होऊ देत नाहीत. एकच सलग स्फटिक काढा, त्याच्या पोटात सीमा दाखवा, आणि ती पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाचं नाव रसेल ओल होतं, एवढं मुलांना सांगा.